गुरुभगिनी सवाईत गायली आणि मी भारतीय बैठकीत

काळीचार | रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, आधीच सांगते.

मी ४७ वर्षांची, राहणार एरंडवणे, नोकरी बँकेत. १९८९ साली, अकरा वर्षांची असताना, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात बाईंकडे गाणं शिकायला लागले. त्याच वर्षी अजून एक मुलगी आली. पुढची सोळा वर्षं आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसून शिकलो. तंबोरा एक, वही एक (तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायचं काम माझं). मी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत अलंकार झाले. आकाशवाणीची बी ग्रेड मिळाली, बी हायसाठी दोनदा ऑडिशन दिली, दोन्हीदा नाही. तिने एकही परीक्षा दिली नाही. सव्विसाव्या वर्षी हातातली नोकरी सोडली, तेव्हा ती वेडी आहे यावर आमच्या घरात एकमत झालं होतं.

गेल्या महिन्यात ती सवाईत गायली. पहिल्यांदाच.

सवाई म्हणजे काय हे पुण्यात सांगायची गरज नाही, पण इथे न्यू जर्सीतलीही मंडळी असतात, म्हणून. भीमसेनजींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. आमच्या लहानपणी रमणबागेत असायचा, आता मुकुंदनगरला असतो. पुण्यात गाणं शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते एक स्टेज असतंच. बोलून कोणी दाखवत नाही, कारण बोललं की बाकीचे हसतात.

तर मी भारतीय बैठकीत. मांडीवर शाल, शेजारी अनोळखी काका, त्यांच्या डब्यातल्या तिळाच्या वड्या. तिने मुलतानी राग घेतला. दुपार कलत होती, वेळ अगदी बरोबर. मुलतानीचा कोमल गंधार माहीत असलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय. तो पेटीच्या पट्टीवर सापडत नाही. हलता असतो. बाईंनी आम्हाला त्या एका स्वरावर दोन महिने बसवलं होतं.

आणि ती आलापात त्या गंधाराकडे यायला लागली तशी मी वाट बघायला लागले. ती घसरावी म्हणून. एकदाच. इतरांना कळणार नाही, मला कळेल, एवढंच.

नाही घसरली. असा लागला की शेजारच्या काकांच्या हातातली वडी हातातच राहिली. मी टाळ्या वाजवल्या. मागे जाऊन भेटायचं ठरवलं होतं, पिशवीत मोगऱ्याचा गजराही होता (डिसेंबरात मोगरा! किंमत विचारू नका). भेटले नाही. पुढचे दोन कलाकार सोडून स्वारगेटहून मेट्रोने घरी आले. सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना गजरा तिथल्या बाकावर ठेवला.

तेव्हापासून तंबोरा भिंतीला. पाच आठवडे झाले, रियाज बंद. घरी "तुला काय कमी आहे?" आणि "समाधानी राहावं गं माणसानं" अशा दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ मिळतायत. दुसरीने तर डोकंच उठतं.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. मोठमोठे गवई मी आयुष्यभर ऐकले. कधी पोटात दुखलं नाही. मग हिच्याच बाबतीत का? आणि मला नक्की काय हवं होतं, तिथे गायचं होतं, की ती तिथे गायला नको होती? हे दोन्ही एकच आहे का?

---

खमंग | रविवार, रात्री ११.३४

मी पयला! गजऱ्याचं वाचून वाईट वाटलं. सविस्तर उद्या.

---

आकडेमोड | सोमवार, सकाळी ७.०५

फार प्रामाणिक लिहिलंय. "हिच्याच बाबतीत का" याचं पुस्तकी उत्तर आहे, आवडत असेल तर वाचा, नाहीतर पुढे सरका.

लिऑन फेस्टिंगर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्याचं म्हणणं साधारण असं: आपण कुठे आहोत हे माणसाला कळून घ्यायचंच असतं. मोजायला बाहेरची पट्टी नसेल तर तो दुसऱ्या माणसाला पट्टी करतो. आणि पट्टी म्हणून फार वरचा किंवा फार खालचा माणूस चालत नाही, आपल्या जवळपासचाच लागतो. भीमसेनजी तुमच्या उपयोगाचे नाहीत. सतरंजीवर शेजारी बसलेली उपयोगाची.

दुसरी गोष्ट अजून गमतीची. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या पदकविजेत्यांच्या चेहऱ्यांच्या चित्रफिती बघून काही संशोधकांनी १९९५ मध्ये एक निबंध लिहिला. ब्राँझवाले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त खूष दिसत होते. रौप्यवाला वर बघतो, सोनं थोडक्यात हुकलं. ब्राँझवाला खाली बघतो, थोडक्यात वाचलो, नाहीतर हात हलवत घरी. आपल्याकडचं ब्राँझ आठवा: १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधव, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, पॅरिसला स्वप्नील कुसाळे, तेही ब्राँझ. रेल्वेत तिकीट तपासनीस होता. नोकरी सांभाळून, हे मुद्दाम लिहितोय.

---

काळीचार | सोमवार, सकाळी ९.४०

@आकडेमोड, आभार. पण मी ब्राँझ नाही हो, चौथीही नाही. मी प्रेक्षकांत तिकीट काढून बसलेली. आणि "नोकरी सांभाळून" हे वाक्य मी वीस वर्षं स्वतःला ऐकवतेय. गाणं कमी पडलं की तेच पुढे करते.

---

वेताळटेकडीवाला | सोमवार, दुपारी १.१५

@आकडेमोड, बाहेरची पट्टी नसेल तर माणसाशी तुलना म्हणताय. आमच्या पळण्यात पट्टी आहे हो! सेकंदापर्यंत. तरी सुटका नाही.

वय ५२. रोज टेकडी, दर रविवारी सिंहगड. मोबाइलवरच्या पळण्याच्या ॲपात आपला वेळ पडतो, खाली सगळ्यांच्या वेळांची उतरंड. सोसायटीतला एक पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, माझ्यापेक्षा बारा मिनिटं आधी गडावर पोचतो. त्याच्या वयाला ते साजेसंच आहे, पण मला झोप लागेना. बायको म्हणाली, घड्याळ घरी ठेवा. ठेवलं. पहिल्या रविवारी काय मस्त वाटलं! वारा, पक्षी, पायथ्याशी ताक. दुसऱ्या रविवारी लक्षात आलं की वाटेत किती जणांना मागे टाकलं ते मी मोजतोय. सत्तावीस. त्यातल्या दोन आज्या होत्या.

घड्याळ परत घातलंय. निदान आज्या तरी सुटल्या.

---

शेवटचा_अटेम्प्ट | सोमवार, रात्री १०.५०

ताई, राग मानू नका, पण हा धागा वाचून जरा हसू आलं.

मी बीड जिल्ह्यातला. सात वर्षांपासून सदाशिव पेठेत, अभ्यासिका आणि मेस एवढंच पुणे माहितीये. यूपीएससीला खुल्या गटात सहा प्रयत्न, वय ३२ पर्यंत. माझे पाच झाले. राज्यसेवा सोबत चालू होती, तिचीही मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, पुन्हा पहिल्यापासून. माझा रूममेट मागच्या वर्षी पोस्ट काढून गेला. त्याच्या गावात वेशीपासून शाळेपर्यंत अभिनंदनाचे फ्लेक्स. आमच्या गावात माझ्या वडिलांना पारावर विचारतात, "पोराचं कुठवर आलं?"

आता मला सांगा, तुलना करू नको म्हणजे काय करू? आमच्याकडे पास-नापास असं काही नसतंच. कटऑफ असतो, आणि तो दुसऱ्यांच्या मार्कांवरून ठरतो. मी गेल्या वर्षीपेक्षा चाळीस मार्क जास्त घेतले आणि बाकीच्यांनी पन्नास जास्त घेतले, तर मी बाहेर. माझं स्वतःशी स्पर्धा करणं वगैरे सगळं बाहेर. रूममेट पास झाला तेव्हा पेढा मीच वाटला, आणि रात्री गच्चीवर जाऊन रडलो. दोन्ही खरं होतं.

समाधान हा पगारदार माणसांचा शब्द आहे, ताई. एक तारखेला मेसेज येतो ना, त्याच्यानंतरचा.

---

खमंग | सोमवार, रात्री ११.०२

+१. हा प्रतिसाद लागला.

---

पेठेबाहेरचा | सोमवार, रात्री ११.४८

सगळे पोटभरल्याचे चोचले. मोगऱ्याचा गजरा म्हणे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

काळीचार | मंगळवार, सकाळी ६.३०

@शेवटचा_अटेम्प्ट, राग कसला! तुझा प्रतिसाद तीनदा वाचला. माझं उत्तर नाही तुला. माझी पहाट आणि तुझी पहाट एका पेठेतली असली तरी एका जातीची नाही, हे मान्य. एकच सांगते, पेढा आणि गच्ची दोन्ही खरं होतं हे तू एका ओळीत लिहिलंस. मी गजरा बाकावर ठेवला आणि त्याचं कारण पाच आठवडे शोधतेय.

@पेठेबाहेरचा, पॉपकॉर्न आणलेत तर चारचौघांत वाटा.

---

शनिवारपेठी | मंगळवार, दुपारी ४.२०

दुकान उघडलं आत्ता, म्हणून उशीर.

आमचं पिठांचं आणि मसाल्यांचं दुकान. भाजणी, मेतकूट, उपासाची भाजणी, गोडा मसाला. दारावर पाटी आहे, "आमची कोठेही शाखा नाही." लोक तिचे फोटो काढतात. मागे एक मुलगी कॅमेरा घेऊन आली होती, म्हणाली काका, किती सुंदर आहे हे, आजच्या काळात एवढं समाधान! मी हो म्हटलं, तिला अर्धा किलो भाजणी दिली, पैसे घेऊन.

खरी गोष्ट घरातल्यांनाच माहीत आहे. नाव इथे कोणाला कळत नाही, म्हणून लिहितो. आमची शाखा होती. १९८७ मध्ये वडिलांनी कोथरूडला काढली. कोथरूड तेव्हा भराभर वाढत होतं. आमच्याच आळीतल्या एका दुकानदाराने तिकडे दुसरं दुकान टाकलं, ते तुफान चाललं, ते बघून वडिलांनी टाकलं. अकरा महिन्यांत बंद. आईच्या पाटल्या गेल्या. कर्ज फिटायला माझं कॉलेज संपलं. ती पाटी रंगवली ती शाखा बंद झाल्यावर, ज्या आठवड्यात कुलूप लावलं त्याच आठवड्यात. लोकांना जे समाधान दिसतं ते आमच्या वडिलांचं तोंड लपवणं होतं.

पण पुढचंही सांगायला हवं. त्यानंतर वडील भाजणीच्या मागे लागले. आधीही करायचे, पण आधी माल म्हणून करायचे. आता कढईपाशी स्वतः. हरभरा डाळ किती भाजायची, धणे कधी काढायचे, पावसाळ्यात ज्वारी आधी उन्हात किती वेळ. गिरणीवाल्याशी दळण जाड-बारीक यावरून दोन वर्षं अबोला. मी लहान होतो, मला वाटायचं म्हातारा कर्जाने चळला. आज तीच भाजणी न्यायला चिंचवडहून माणसं येतात. आणि आळीतला तो दुसरा दुकानदार? त्याच्या सात शाखा आहेत, उत्तम चालल्यात. तो बुडाला असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण तो बुडालेला नाही. दिवाळीत आमच्याकडून भाजणी नेतो.

वडील शेवटपर्यंत त्याला बघून मान वळवायचे. भाजणी जमली म्हणून जळणं गेलं, असं काही झालं नाही. दोन्ही एकाच माणसात राहिलं, एका दुकानात राहतं तसं. मिरच्या एका डब्यात, वेलदोडे दुसऱ्या.

---

आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ५.१२

फेस्टिंगरचं मागे घेतो. हा प्रतिसाद वर चिकटवा.

---

जवारीदार | मंगळवार, रात्री ९.३०

मिरजेचा आहे, सध्या नोकरीमुळे पुण्यात. आमच्या गल्लीत तंबोरे होतात (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, उगाच कॉलर ताठ), त्यामुळे माझं डोकं तंबोऱ्यात जातं. काळीचार, तुमच्या आयडीवरून विचारतो. तुमची पट्टी, म्हणजे गायचा सा, काळी चार (पेटीची चौथी काळी). गुरुभगिनीची कोणती? एकच तंबोरा म्हणालात. तो कोणाच्या पट्टीत लागायचा?

माझा अंदाज, तिच्या. सोळा वर्षं दुसऱ्याच्या षड्जात गायलं की गळ्याचं काय होतं हे गवयांना सांगायला नको. प्रत्येकाचा सा वेगळा असतो. खालच्या खर्जात कोणी उतरतं, कोणी वरच्या तारसप्तकात मोकळं होतं. तुमचं दुखणं सगळं इथेच आहे असं मला वाटतं. स्वतःचा सा लावा, बाकी आपोआप होईल.

---

खमंग | मंगळवार, रात्री ९.४१

वा! काय बोललात!

---

काळीचार | मंगळवार, रात्री ११.५५

@जवारीदार, तुमचा अंदाज बरोबर आहे आणि मला तो फार आवडला असता. तिची काळी पाच. तंबोरा बहुतेक वेळा काळी पाचातच असायचा, माझा तारसप्तकात दम निघायचा.

पण पूर्ण सांगायचं तर, दर गुरुवारी बाई तंबोरा माझ्या पट्टीत उतरवायच्या. गुरुवार माझा वार होता. आणि गुरुवारी मी बहुतेक दांड्या मारायचे. क्लास, परीक्षा, पुढे बँकेच्या परीक्षेचा अभ्यास, नंतर साखरपुडा. ती माझ्या गुरुवारीही यायची आणि तिला न झेपणाऱ्या काळी चारात तास-तासभर खर्ज भरायची. हे मी सोयीने विसरले होते. काल रात्री आठवलं आणि झोप उडाली.

म्हणजे "माझा सा मला मिळाला नाही" ही पाटी माझ्या दारावर लावता येणार नाही. शनिवारपेठींच्या वडिलांनी निदान शाखा काढून बघितली होती.

---

वेताळटेकडीवाला | बुधवार, सकाळी ६.१०

ताई, स्वतःला फार झोडपू नका. साखरपुड्याला दांडी क्षम्य आहे.

---

शेवटचा_अटेम्प्ट | बुधवार, रात्री १.२०

ताई, परवा जरा जोरात बोललो. एक सांगायचं राहिलं. आमच्या अभ्यासिकेच्या मागच्या इमारतीत पहाटे पाचला कोणीतरी गातं. पुरुष आहे, वयस्कर असावा, खोकतो मधेमधे. काय गातो मला कळत नाही. चांगलं का वाईट तेही कळत नाही. पण सात वर्षांत माझ्या दिवसातली तेवढी वीस मिनिटं अशी आहेत की त्यात कोणाचा नंबर लागत नाही. माझा नाही, त्याचा नाही. खिडकी उघडी ठेवतो.

पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरला. सहावा. झाला तर झाला. नाही झाला तर काय करायचं तेही यावेळी लिहून ठेवलंय, आधी कधी ठेवलं नव्हतं. तुलना थांबलेली नाही. मॉक टेस्टचा निकाल लागला की आधी वरची तीन नावंच बघतो.

---

शनिवारपेठी | बुधवार, सकाळी १०.१५

@शेवटचा_अटेम्प्ट, मेसचं जेवून कंटाळला असशील तर दुकानात ये. थालीपिठाची भाजणी घेऊन जा. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो. पैसे पोस्ट निघाल्यावर. नाही निघाली तरी घेणार आहे, हप्त्याने.

---

काळीचार | शनिवार, रात्री १०.४५

मंडळी, शेवटचं अपडेट देते, मग धागा खाली जाऊ दे.

बुधवारी तिला मेसेज केला. "मुलतानी ऐकला. गंधार बाईंचाच होता." एवढ्या दोन वाक्यांना दोन तास लागले. पहिल्या खर्ड्यात "पण द्रुत जरा घाईत गेली" असंही होतं. खरंच गेली होती. काढून टाकलं.

तिचं उत्तर आज आलं. आभार वगैरे एका ओळीत. मग तिने विचारलंय, "जुनी वही तुझ्याकडे आहे ना? बाईंची श्री रागातली ती विलंबित बंदिश, तिचा अंतरा मला आठवत नाहीये, गेली दहा वर्षं नुसती स्थायी गातेय. तुझ्या अक्षरात असेल."

वही सापडली. माळ्यावर, मुलीच्या बालवाडीच्या चित्रांखाली. अंतरा आहे. पेन्सिलने, खाली बाईंची एक खूण. शब्द वाचता येतायत, पण दुसऱ्या ओळीला सम (तालाची पहिली मात्रा) कुठून घ्यायची तेच मला आठवेना. लिहिणारी मी! कागद फोटो काढून पाठवून देता येतो, पण तिने उद्या फोन करून "म्हणून दाखव" म्हटलं तर? तिचा स्वभाव तसाच आहे.

म्हणून मघाशी तंबोरा खाली काढला. खोळ झटकली. जोडीतली एक तार तुटलीय, गंजून गेली असावी पावसाळ्यातच. म्हणजे रियाज पाच आठवडे बंद आहे असं मी वर लिहिलंय ते धड खरं नाही. त्याआधीही बरेच महिने मी मोबाइलमधल्या तंबोऱ्यावरच भागवत होते.

जळजळ गेली का? नाही. वही माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही, याचा मला आज दिवसभर बारीकसा आनंद झालाय. तो काही फार थोर आनंद नाही, कळतंय मला.

जाणकारांना प्रश्न: बुधवार पेठेतली वाद्यांची दुकानं रविवारी उघडी असतात का? तार उद्याच हवीय.

---

जवारीदार | शनिवार, रात्री ११.०३

काही असतात. जुनी तार सोबत न्या, जाडी बघून घेतील. आणि जवारीही (तारेचा झंकार) दाखवा, इतके महिने पडून असेल तर बसली असेल.

---

शनिवारपेठी | शनिवार, रात्री ११.०९

सकाळी जा. एक ते चार बंद.